बंद पुतळ्याचे अठरा श्वास

माणूस मिनिटाला किती श्वास घेतो, हे कुठल्याही वॉर्डातल्या कागदावर बघा. अठरा. नाहीतर वीस. पहिल्या खाटेला अठरा, दुसरीला वीस, तिसरीला परत अठरा. ताप प्रत्येकाचा वेगळा, नाडी वेगळी, रक्तदाब वेगळा, पण श्वासाच्या बाबतीत सगळी दुनिया एका मापाची. कारण साधं आहे. तापाला थर्मामीटर लागतो, रक्तदाबाला पट्टा लागतो, आणि श्वास मोजायला एक पूर्ण मिनिट गप्प उभं राहावं लागतं. तेवढं मिनिट वॉर्डात कुणाकडे नसतं. मग हात आपोआप अठरा लिहितो आणि माणूस पुढच्या खाटेकडे वळतो.

या अठराशी एका बाईंचं हाडवैर होतं.

एका कम्युनिटी कॉलेजात प्रॅक्टिकल नर्सिंगचा एक वर्षाचा वर्ग चालायचा, त्या वर्गाच्या त्या शिक्षिका. विद्यार्थिनी तोंडावर त्यांना बाई म्हणत आणि पाठीमागे साठबाई. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं, ही सगळ्या जगाने मान्य केलेली पळवाट त्यांना मान्य नव्हती. साठ सेकंद म्हणजे साठ सेकंद. हे नाव त्यांच्या कानावर आलं होतंच. घरी जाऊन त्यांनी ते नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "अजून दोन वर्षं आहेत की साठीला. एवढी घाई कसली पोरींना?"

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आत माणसं अडकलेली असताना बाहेरून काहीतरी बोलत राहावं लागतं, त्यातून त्याला बोलायची सवय लागली होती आणि ती घरीही सुटत नव्हती. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. तो झोपेत मिनिटाला चौदा श्वास घेतो आणि सर्दी झाली की सोळा, हे बाईंना पाठ होतं. "मी गेलो तर मिनिटाच्या आत बातमी," तो म्हणायचा, "अशी सोय दुसऱ्या कुठल्या नवऱ्याला आहे?"

बाईंनी चोवीस वर्षं वॉर्डात काढली होती. मग गुडघ्यांनी त्यांच्या आधी राजीनामा दिला, आणि त्या शिकवायला आल्या. त्यालाही आता नऊ वर्षं झाली होती. एवढा हट्ट म्हणजे त्यामागे काहीतरी काळजाला घरं पाडणारी घटना असणार, असं वर्गात दरवर्षी कुणाला ना कुणाला वाटायचं. एखादी धीट मुलगी विचारायची सुद्धा. तसं काही घडलेलं नव्हतं. बाईंना खोटा आकडा सहन होत नव्हता, एवढंच. काही जणांना भिंतीवर वाकडी लावलेली तसबीर सहन होत नाही, तसंच हे.

त्या वर्षी वर्गात बारा जणी होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगखोलीत सहा खाटा, एक हात धुवायचं बेसिन, चादरींचं कपाट आणि एक पुतळा. पुतळ्याला सगळे मामा म्हणत. मामांच्या मनगटात नाडी लागायची, छाती वरखाली व्हायची, आणि खाटेखालच्या पेटीवर दोन चकत्या होत्या. एक फिरवली की नाडी कमीजास्त, दुसरी फिरवली की श्वास.

श्वास मोजण्यात एक गंमत आहे. आपण श्वास मोजतोय हे रोग्याला कळू द्यायचं नाही. कळलं की तो फोटोला बसल्यासारखा श्वास घेऊ लागतो. म्हणून मनगट धरून आधी नाडी मोजायची, आणि ती मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. तसंच धरून ठेवायचं, नजर मात्र हळूच छातीवर न्यायची. "हात एकीकडे, लक्ष दुसरीकडे," बाई सांगायच्या. "घरी नवऱ्याचं बोलणं ऐकताना करता ना, तसंच." वर्ग हसायचा, वहीत लिहून घ्यायचा, आणि मग अठरा लिहायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

चार महिने बाईंनी हे पाहिलं. मग एका गुरुवारी, वॉर्डात पाठवण्याआधीच्या परीक्षेला, त्यांनी पेटीवरची एक चकती शून्यावर आणून ठेवली. नाडी चालू, श्वास बंद. मामांच्या अंगावर गळ्यापर्यंत पातळ चादर घातली, भिंतीजवळ खुर्ची टाकली आणि एकेकीला आत बोलावलं.

बारा जणी आल्या. बाराही जणींनी हात धुतले, मामांना नमस्कार केला, आपण काय करणार आहोत ते सांगितलं, थर्मामीटर लावला, पट्टा बांधला, मनगट धरलं. सगळं कसं पुस्तकात लिहिल्याबरहुकूम. आणि बाराही जणींनी कागद भरून दिला.

दुपारी बाईंनी सगळ्यांना खाटेभोवती उभं केलं आणि कागद वाचायला घेतले.

"नाडी शहात्तर, शहात्तर, अठ्ठ्याहत्तर, शहात्तर. छान. आता श्वास. अठरा. अठरा. वीस. अठरा. सोळा... ही जरा कल्पक आहे. अठरा, वीस, वीस, अठरा, अठरा, अठरा, अठरा." त्यांनी कागदांचा गठ्ठा मामांच्या पायाशी ठेवला आणि चादर ओढून बाजूला केली. "आता सगळ्या जणी बघा. आणि मला मोजून सांगा."

बारा जणी मामांच्या छातीकडे बघत राहिल्या. छाती हलत नव्हती. अर्ध्या मिनिटाने पहिल्या रांगेतली एक खुदकन हसली, मग तिचं तिलाच काहीतरी झालं आणि ती रडायला लागली. बाकीच्यांना तोंडात मारल्यासारखं झालं होतं.

"मेलेल्या माणसाचे अठरा श्वास लिहिलेत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "सगळ्या नापास. सोमवारी वॉर्डात कुणी जाणार नाही."

सगळ्या निघून गेल्यावर एक जण मागे राहिली आणि चादरींच्या घड्या घालू लागली. ती वर्गातली सगळ्यात मोठी, एक्केचाळीस वर्षांची. सोळा वर्षं बसमध्ये कंडक्टर होती. बसमध्ये तिकिटांची यंत्रं बसली आणि कंडक्टर नको झाले. त्याच सुमारास सासूला अर्धांगवायू झाला, आणि तीन वर्षं तिने सासूचं अंथरुणात सगळं केलं. सासू गेली तेव्हा पाठीला पडून राहिल्याची एकही जखम नव्हती, हे डॉक्टरांनी आपणहून बोलून दाखवलं. मग शेजारणीच म्हणाल्या, अगं, हेच शिक की रीतसर. वर्गात तिला सगळे कंडक्टरच म्हणत. झोपलेल्या माणसाखालची चादर त्याला जाग न आणता बदलणारी बाईंच्या नऊ वर्षांत ती एकटीच.

तिला पास व्हायलाच हवं होतं. गावाच्या कडेच्या वृद्धाश्रमातल्या मेट्रनने तिला शब्द दिला होता, पण पुढच्या महिन्याच्या एक तारखेपर्यंतच. त्याआधी वॉर्डातले तास पूर्ण करून प्रमाणपत्र आणलं तर जागा तिची, नाहीतर दुसरी कुणी. नवरा परगावी गेला तो गेलाच, घरात ती आणि शाळेत जाणारी मुलगी. ही जागा गेली तर दुसरी समोर नव्हती.

"बाई, एक सांगू?" चादरीच्या टोकाला टोक जुळवत ती म्हणाली. "मी मोजलं होतं."

"काय मोजलंस?"

"पूर्ण मिनिट. छाती हललीच नाही. मग अजून एक मिनिट बघितलं. तरी नाही."

बाई खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. "मग अठरा कशाला लिहिलंस?"

"मला वाटलं यंत्र बिघडलंय. आधीच्या सगळ्या जणी बाहेर म्हणत होत्या, अठरा आहे, अठरा आहे. मीच शून्य लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, एवढी घोडी झाली आणि हिला साधं मोजता येत नाही."

बाई परत बसल्या. खरं तर त्यांना आनंद व्हायला हवा होता. बारात एकीने तरी मोजलं होतं. झालं उलटंच. अकरा जणींनी मोजलं नव्हतं, त्यांना मोजायला लावता येतं. हिने मोजलं, पाहिलं, आणि मग सगळे म्हणतात ते लिहिलं. यावर कुठलं औषध? "तू त्या अकरा जणींपेक्षा जास्त नापास आहेस," त्या म्हणाल्या. कंडक्टरने मान खाली घातली, घडी पूर्ण केली आणि चादर कपाटात ठेवली. बाईंना तिच्याकडे बघवेना. ती त्यांची लाडकी होती, आणि तीच बुडताना दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचार्यांनी बोलावणं पाठवलं. माणूस वाईट नव्हता. फक्त निकालाचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो आणि त्याखाली बसावं लागतं, म्हणून माणूस जसा होतो तसा होता.

"बाई, बाराच्या बारा? निदान तीन-चार तरी सोडा."

"सोडायला तीन-चार जणींनी बरोबर लिहायला हवं होतं, सर."

"अहो, बाकी सगळं बरोबर आहे ना? नाडी बरोबर, ताप बरोबर, रक्तदाब बरोबर."

"हो. सगळं बरोबर आणि माणूस मेलेला. असा कागद आहे तो."

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. मग वर्ग बंद पडण्याची भीती घातली, हॉस्पिटल सोमवारच्या तारखा देऊन बसलंय हे सांगितलं, आणि शेवटी, दुसऱ्या कुणाची सही घेऊन काम भागतं, असंही हळूच सुचवून पाहिलं.

"घ्या," बाई म्हणाल्या. "मी हॉस्पिटलच्या मेट्रनला फोन करून सांगेन की या बारा जणींना श्वास मोजता येत नाही. त्या घेतील का बघा."

"म्हणजे तुमचं म्हणणं तरी काय?"

"एक आठवडा द्या. पुढच्या शुक्रवारी पुन्हा परीक्षा. पुतळ्यावर नाही, वॉर्डात, खऱ्या माणसांवर. विद्यार्थिनीने आणि मी एकाच वेळी, एकाच रोग्याचे श्वास मोजायचे. दोघींनी वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहायचं. दोनापेक्षा जास्त फरक पडला तर नापास. तुम्ही स्वतः समोर उभे राहा."

"आणि फरक पडला तर बरोबर कुणाचं?"

"माझं," बाई म्हणाल्या. "परीक्षकाची मोजणी प्रमाण. तसं लिहूनच घ्या." प्राचार्यांनी ते टाइप करून घेतलं, आणि दोघांनी सह्या केल्या.

त्या आठवड्यात रोज सकाळी सातला प्रयोगखोली उघडी असायची. बारा जणी जोड्याजोड्यांनी दुसऱ्या जोडीतल्या एकीचे श्वास मोजत. जिना चढून आल्यावर मोजत, बसून मोजत, झोपून मोजत, हसू दाबून मोजत. बाई काठी टेकत एका खाटेकडून दुसरीकडे फिरत आणि मधेच कुणाचं घड्याळ हाताने झाकत. "घड्याळ बघू नकोस, छाती बघ. घड्याळ कुठे पळून जात नाही." तिसऱ्या दिवशी सोळावालीला बरोबर बावीस आले. चौथ्या दिवशी सातआठ जणी वळणावर आल्या. बाईंचा जीव भांड्यात पडायला हरकत नव्हती. पण कंडक्टर होती.

कंडक्टरचं मोजणं चोख होतं. लिहिताना मात्र तिची मान वर व्हायची. आधी जोडीदारणीच्या कागदाकडे, मग बाईंच्या तोंडाकडे. जोडीदारणीचे सतरा दिसले की हिचे एकोणीस अठरा व्हायचे. बाईंनी तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं. तिच्या वहीभोवती पुठ्ठ्याची भिंत उभी केली. आधी शाईने लिही, मग मान वर कर, असं दहादा बजावलं. बुधवारी तिने शाईने एकोणीस लिहिले, मान वर केली, बाईंच्या कपाळावरची आठी बघितली आणि झटकन एकोणीसचे सतरा केले. आठी बाईंच्या गुडघ्यामुळे आली होती.

मग मात्र बाईंचा संयम सुटला. "जी खोटं लिहिते तिला मी सुधारू शकते! तू तर खरं मोजून खोटं लिहितेस! कुणी शिकवलं तुला हे?"

"तपासनिसांनी," कंडक्टर म्हणाली.

कंडक्टर खाटेच्या कडेवर बसली.

"सोळा वर्षं, बाई. गाडीत मी माणसं मोजायची. एक्केचाळीस. तपासनीस चढायचे, मागून पुढे जायचे, म्हणायचे बेचाळीस. आता एक बाळ आईच्या मांडीवर झोपलंय, ते धरायचं की नाही, यावर भांडत बसलं की गाडी थांबायची. लोक माझ्या नावाने ओरडायचे. वर कागद जायचा, तो माझ्याच नावाने. पहिली दोन वर्षं भांडले. मग कानाला खडा लावला. ते म्हणतील तेवढी माणसं." ती जरा हसली. "एकदा त्यांनी ड्रायव्हरलाही मोजलं. तरी मी हो म्हटलं."

बाईंना हसू आलं नाही. त्यांना त्या न पाहिलेल्या तपासनिसाचा असा राग आला की तो समोर असता तर काठीच उगारली असती. "इथे तपासनीस नाही," त्या म्हणाल्या. "इथे फक्त खाटेवरचा माणूस आहे. तो बोलू शकत नाही, म्हणून तू त्याचा आकडा बोलायचा. कळलं?"

"कळतंय, बाई. पण हाताला कळत नाही."

त्या संध्याकाळी बाईंचं जेवणात लक्ष नव्हतं. नवऱ्याने दोनदा विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. "मग अकरा तरी पास होतील ना?" तो म्हणाला. "बारात अकरा म्हणजे वाईट नाही. एकीचं नशीब म्हणायचं."

"तिला सोडून मी पुढे जाणार नाही," बाई म्हणाल्या.

"पास करणार मग?"

"नाही. पास होईल ती." नवऱ्याने यावर विनोद केला नाही, म्हणजे त्यालाही काळजी वाटली असावी.

शुक्रवारी सकाळी दहाला परीक्षा सुरू झाली. वॉर्ड लांबट होता, दोन्ही बाजूंना आठ-आठ खाटा, टोकाला मोठं घड्याळ. प्राचार्य कोऱ्या कागदांचं पॅड घेऊन आले होते, आणि कुठे उभं राहिलं तर कुणाच्या आड येणार नाही, हे त्यांना कळत नव्हतं. वॉर्डाची सिस्टर चिठ्ठ्या गोळा करणार होती. सेकंदकाटा बारावर आला की दोघींनी मोजायला लागायचं. रोग्याच्या एका बाजूला विद्यार्थिनी मनगट धरून, दुसऱ्या बाजूला किंवा पायाशी बाई.

पहिलीचे सोळा, बाईंचे सोळा. दुसरीचे एकवीस, बाईंचे वीस. मामांवर सोळा लिहिणारीने एका खोकणाऱ्या रोग्याचे चोवीस बरोबर टिपले आणि बाहेर जाऊन पाणी प्यायली. एकामागून एक अकरा जणी पास झाल्या. प्राचार्यांचा चेहरा उजळत चालला होता. बाईंचे गुडघे मात्र संपले होते. दीड तासात त्या एकदाही बसल्या नव्हत्या.

कंडक्टरला शेवटची खाट आली. खाटेवर एक म्हातारे शिंपी होते, कमरेच्या ऑपरेशनचे. अंगावर जाड ब्लँकेट, डोळे मिटलेले. कंडक्टरने खाली वाकून त्यांच्याशी दोन शब्द बोलून मनगट हातात घेतलं आणि तो हात तसाच धरून अलगद त्यांच्याच पोटावर ठेवला. बाई पायाशी खाटेची दांडी धरून उभ्या राहिल्या. वाकणं आता शक्यच नव्हतं. काटा बारावर आला.

"सापडली का नाडी?" मधेच आजोबा डोळे न उघडता म्हणाले. "की गेली?"

"आहे आजोबा, चांगली आहे," कंडक्टर म्हणाली, आणि मोजत राहिली.

मिनिट संपलं. दोघींनी लिहिलं. सिस्टरने चिठ्ठ्या उघडून वाचल्या. "विद्यार्थिनी सव्वीस. परीक्षक बावीस."

प्राचार्यांनी खाली बघितलं. फरक चारचा होता, आणि प्रमाण कुणाचं ते त्यांनीच टाइप करून घेतलं होतं. दारात उभ्या असलेल्या अकरा जणींपैकी कुणीतरी हळूच "अरेरे" म्हणाली.

कंडक्टरची मान वर झाली. ती बाईंच्या तोंडाकडे बघत होती. बाईंना ते दिसलं. आता ही म्हणणार, बावीसच असतील. म्हणणार, माझंच चुकलं. बाईंना स्वतःच्या आकड्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. वाईट वाटत होतं ते हिच्यासाठी. एवढ्या जवळ येऊन हिने भलतंच मोजावं!

"सव्वीस आहेत, बाई," कंडक्टर म्हणाली.

मनगट तिने अजून सोडलेलं नव्हतं.

"मी बावीस मोजले," बाई म्हणाल्या.

"हो. पण सव्वीस आहेत. मोठ्या श्वासांच्या मधे अधूनमधून छोटे येतात, ते ब्लँकेटवरून दिसत नाहीत. पोटावर हात ठेवला की लागतात." तिने सरकून जागा केली. "तुम्ही इकडून मोजा. इथे या."

बाईंनी काठी टेकली, खाटेला वळसा घातला, सिस्टरने पुढे केलेल्या स्टुलावर बसल्या आणि आजोबांच्या हाताखालून पोटावर हात ठेवला. मोठा श्वास. मग दोन छोटे, चटकन येऊन गेलेले. मग मोठा. साठ सेकंद झाले तेव्हा बाईंनी तोंडातल्या तोंडात आकडा म्हटला, आणि सिस्टरकडे बघून म्हणाल्या, "सव्वीस. डॉक्टरांना बोलवा. यांचा श्वास चढतोय, सकाळच्या कागदावर अठरा आहे."

डॉक्टर आले, त्यांनी छाती तपासली, ऑक्सिजनची नळी लावायला सांगितली, आणि वेळेवर सांगितलंत म्हणून सिस्टरला शाबासकी देऊन गेले. एवढं सगळं पाच-सात मिनिटांत झालं. मग प्राचार्यांना कंठ फुटला.

"वा! मानलं बाई तुम्हाला!" त्यांनी चक्क टाळी वाजवली. "बंद पुतळ्यानंतर मला वाटलंच होतं, तुम्ही अजून काहीतरी युक्ती काढणार. मुद्दाम चुकीचा आकडा लिहिलात, ही डगमगते का बघायला! आणि ही टिकली!"

सगळ्यांना एकदम उलगडा झाला. अकरा जणी हसायला लागल्या, सिस्टरही हसली. काय हुशार बाई! बाईंनी नुसती मान डोलावली असती तरी पुरे होतं. चोवीस वर्षं वॉर्डात आणि नऊ वर्षं वर्गात त्यांचा आकडा कुणी खोटा ठरवलेला नव्हता, आणि आजही ठरला नसता. कंडक्टर पास झाली असती, प्राचार्य खूश झाले असते, कुणाचंच काही बिघडलं नसतं. बाईंना तो मोह झाला. चांगलाच झाला.

मग त्यांनी कंडक्टरकडे पाहिलं. तीही हसत होती. खांदे सैल पडले होते, मोठ्ठं ओझं उतरल्यासारखे. म्हणजे बाईंना आधीपासून माहीत होतं! म्हणजे आपण कुणाच्याच विरोधात बोललो नाही, बाईंच्या मनात होतं तेच बोललो. तिच्या चेहऱ्यावर हे सगळं स्वच्छ वाचता येत होतं. तिचे सव्वीस तिच्या हातातून परत निघाले होते.

"युक्ती नव्हती, सर," बाई म्हणाल्या. "मी चुकले."

हसणं थांबलं. "अहो बाई, कशाला उगाच..." प्राचार्य म्हणाले.

"उगाच नाही. मी बावीस मोजले आणि मला बावीसच खरे वाटले. गुडघा दुखतो म्हणून पायाशी उभी राहिले आणि ब्लँकेट मोजलं. ही गप्प बसली असती तर मी हिला नापास करून घरी पाठवलं असतं, आणि बावीस बरोबर म्हणून निश्चिंत झोपले असते."

नर्सिंगच्या कागदावर चूक खोडून काळी करत नाहीत. तिच्यावरून एकच रेघ ओढतात, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी खरा आकडा लिहून सही करतात. बाईंनी परीक्षेच्या कागदावर आपल्या बावीसवरून रेघ ओढली, सव्वीस लिहिले, सही केली आणि कागद प्राचार्यांच्या हातात दिला. मग खाटेच्या पायाला अडकवलेला रोग्याचा कागद काढून कंडक्टरपुढे धरला.

"हा माझा नाही," त्या म्हणाल्या. "आकडा तुझा आहे. तू लिही, तू सही कर."

कंडक्टर आता हसत नव्हती. तिने बाईंकडे बघितलं. मग पेन घेतलं, टोपण काढलं, रकान्यापाशी नेलं आणि थांबली.

"सव्वीस मघाचे झाले, बाई," ती म्हणाली. "ते मघाच्या वेळेने लिहिते. पण आता नळी लावलीय. आताचे वेगळे असणार."

तिने पेन कागदावर आडवं ठेवलं आणि आजोबांचं मनगट पुन्हा हातात घेतलं. प्राचार्य पाठीमागून काहीतरी अभिनंदनाचं बोलायला लागले.

"सर," कंडक्टर मान न वळवता म्हणाली, "एक मिनिट गप्प बसा."

प्राचार्य गप्प बसले. बाई, सिस्टर आणि दारातल्या अकरा जणीही गप्प उभ्या राहिल्या, काटा पूर्ण फिरून बारावर येईपर्यंत.

"तेवीस," कंडक्टर म्हणाली, आणि कुणाला न विचारता लिहिलं.